दोनांतलं एक

खेळाच्या सामानाच्या दुकानात तिनं एका हातात पोहण्याचा चष्मा धरला, दुसऱ्या हातात टोपी, आणि डोळे मिटून घेतले.

“सांगा ठकूबाई,” बाप म्हणाला, “यातलं काय नसलं तर सोमवारी आठवण येईल?”

हा त्याचा नियम. दर शनिवारी दुपारी चार तास मुलगी त्याच्याकडे असे. एका दुकानात जायचं, ठरलेल्या पैशांत एकच वस्तू घ्यायची. जी सोडून दिली तीच घेतलेल्या वस्तूची खरी किंमत, असं तो तिला शिकवत आला होता. स्वतः तो चष्म्याच्या दुकानात विक्रेता. आठवडाभर गिऱ्हाइकांच्या गळ्यात महागड्या फ्रेमा मारायच्या आणि सुट्टीच्या एका दिवशी पोरीला शहाणपण शिकवायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण घर मोडल्यापासून तिला द्यायला त्याच्यापाशी एवढंच उरलं होतं. बाकीचे सहा दिवस तो लोकांशी बोले ते फक्त नंबराविषयी.

“बाबा,” तिचे डोळे मिटलेलेच होते, “हे वस्तूंनाच लागू आहे का? वेळेला नाही?”

“म्हणजे?”

“मला पोहण्याच्या संघात घेतलंय. सराव शनिवारी दुपारीच असतो. आई म्हणाली, तूच बाबाला विचार.”

नाही म्हटलं तर ती ऐकेल, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या शब्दाबाहेर जायचं तिचं वय अजून झालं नव्हतं. नाही म्हणावं असं त्याला फार वाटलं.

“लागू आहे,” तो म्हणाला. “वेळेला तर जास्तच.”

“मग मी ठरवू?”

“तूच ठरवायचं.”

तिनं डोळे उघडले. “पोहणं. रागावलास?”

“छे. नीट विचार केलास ना?”

“आठवडाभर केला.”

म्हणजे आठवडाभर ती त्याला एका हातात धरून बसली होती.

“दोन्ही घे,” तो चष्म्याकडे आणि टोपीकडे बोट दाखवत म्हणाला.

“आज नियम नाही?”

“आज नाही.”

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं टोपी नीट घडी करून होती तिथं ठेवली.

“एकच, बाबा,” ती समजावणीच्या सुरात म्हणाली. “दोन्ही घेतलं तर किंमत कशी कळणार?”

त्यानं चष्म्याचे पैसे दिले आणि घड्याळ पाहिलं. अजून दीड तास होता.