ब्रेक दाबण्याची रीत

‘वाहनाचे ब्रेक निर्दोष, दोष चालकाच्या वयाचा.’ सर्व्हिस सेंटरचा हा सही-शिक्क्यानिशी आलेला निष्कर्ष आत्याने दोनदा वाचला. वय कोणत्या उपकरणाने मोजले, याची नोंद नव्हती. ब्रेक किती वेळा दाबला, गाडी थंड होती की तापलेली, याचीही नव्हती. तीन आठवड्यांत चारदा सिग्नलपाशी पॅडल पायाखाली खचले होते. त्याबद्दल अहवालाने मिठाची गुळणी धरली होती.

भाच्याने मात्र तो कागद शिरोधार्य मानून गाडीची किल्ली खिशात घातली होती.

“आत्या, गाडी बावीसची, तू बहात्तरची. आता पुरे.”

“मोजणी छान करतोस. चल सेंटरला. तिथे मी चुकले, तर किल्ली कायमची तुझी.”

सेंटरमध्ये अहवाल लिहिणाऱ्या तपासनिसाने गाडीत बसल्या बसल्या ब्रेकवर सणसणीत पाय हाणला. पॅडल जागचे हलले नाही.

“बघा आजी, दगड आहे दगड!”

“लाथ घातल्यावर कोणीही ताठ होतं. मी सिग्नलला लाथ घालत नाही. वीस मिनिटं गर्दीतून फिरवून आणा, आणि मग निजलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसा हलका पाय ठेवा. काढू नका.”

तो हसत गेला, हसतच परतला. हलका पाय ठेवून त्याने विजयी मुद्रेने भाच्याकडे पाहिले. तेवढ्यात त्याचा गुडघा सावकाश खाली जाऊ लागला; पॅडल पार तळाला टेकले. आत्या हाताची घडी घालून उभी होती.

त्याने बॉनेट उघडले. ब्रेक ऑइल काठोकाठ, गळती कुठेही नाही.

“बाहेर नसेल,” आत्या म्हणाली. “आत?”

पॅडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर खोलल्यावर आतले रबर झिजलेले निघाले. जोरात दाबले की ते फुगून घट्ट बसे. हलके दाबले की ऑइल त्याच्या कडेने मागे निसटे.

“नवीन बसवा,” भाचा कान खाजवत म्हणाला, “आणि किल्ली हिच्याच हातात द्या.”

“आणि अहवालही नवीन,” आत्याने स्वतःचे पेन पुढे केले. “तुमच्याच शब्दांत.”

तपासनिसाने लिहिले: “मी प्रत्येक गाडीचा ब्रेक जोरातच दाबतो. हलका दाबून आजवर एकदाही पाहिलेला नाही. वयाचे मी मनानेच लिहिले.”