माझ्या अंगावरचे पुसट ठसे

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. माझं वय पंचावन्न कोटी वर्षांच्या आसपास आहे, आणि एवढं वय झाल्यावर थोडी कुरकुर करायचा हक्क मिळतो, असं मी समजतो.

दगड होण्याआधी मी वाळू होतो. उथळ समुद्राच्या तळावर तेव्हा जिवाणूंची एक सलग साय पसरलेली असे. मासे नव्हते, खेकडे नव्हते. त्या सायीवर पायपुसण्यासारखा एक चपटा, रेघारेघांचा जीव राहायचा. एका जागी बसायचा, अंगाखालची साय खायचा आणि मग सरकून पुढे बसायचा. उठला की मागे सायीत पुसटसा खळगा उरायचा. एका वादळात मी लोंढ्याबरोबर वाहत येऊन त्याच्या अंगावर पडलो. बिचारा तिथेच गाडला गेला. त्याचं मऊ अंग कुजून गेलं, पण ठसा माझ्या पोटावर राहिला. शेजारी त्याच्या आधीच्या जागांचे ठसे राहिले, आणि सायीच्या सुरकुत्याही.

पुढे समुद्र गेला, डोंगर झाला. एका कड्यात संशोधक बाईंना मी सापडलो. त्यांनी संध्याकाळी बॅटरी तिरपी धरली आणि त्या पुसट ठशांच्या सावल्या पडल्या. "अगं बाई! हा तर चालत होता!" त्या एकट्याच ओरडल्या. हा जीव एका जागी चिकटून राहायचा, तो प्राणी नव्हेच, असं मोठमोठे तज्ज्ञ म्हणत. बाई उलटं म्हणत आणि सभांमधून हसं करून घेत. मी त्यांचा एकमेव पुरावा होतो, आणि मला त्याचा भारी अभिमान वाटे.

त्यांनी मला संग्रहालयाच्या तळघरात, जीवाश्म साफ करण्याच्या खोलीत आणलं. तिथले कारागीर म्हणजे बाईंचे सख्खे मामा. टेबलावर भिंगाचा दिवा, वाळूची उशी, कुंचले आणि हवेच्या दाबावर थरथरणारी सुई. दगडात रुतलेली हाडं मोकळी करण्यात मामांचा जन्म गेला होता. हाडाभोवतीचा दगड म्हणजे कचरा, हे त्यांच्या हातात भिनलेलं.

"मामा, पुढच्या आठवड्यात तज्ज्ञ मंडळी येणार आहेत," बाई म्हणाल्या. "मी कड्यावर जाऊन उरलेले तुकडे शोधते. आल्यावर याचा साचा काढू, फोटो काढू. तोवर हा इथे राहू दे."

"राहू दे की. तू जा निर्धास्त."

छताच्या पांढऱ्या उजेडात मामांना तो जीव तेवढा दिसला. बाकीचं त्यांना खडबडीत, मळकट वाटलं. "काय अवतार झालाय याचा!" ते पुटपुटले. "पाहुण्यांसमोर पोरीची शोभा व्हायची." त्यांनी सुई सुरू केली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मामा मायेने, गुणगुणत, माझं पोट खरवडत राहिले. सुरकुत्या गेल्या, एकेक ठसा गेला. शेवटी त्यांनी फुंकर मारली आणि टेबल झाडून घेतलं.

बाई रिकाम्या हाताने परतल्या आणि दारातच थबकल्या.

"बघ, कसा उठून दिसतोय!" मामा म्हणाले.

बाईंनी दिवा ओढून आडवा धरला. या बाजूने, त्या बाजूने. खूप वेळ.

"मामा, हा चालत आला ती वाट होती हो तिथे."

"अगं, पण हाडाभोवतीचा..."

"याला हाडच नव्हतं, मामा."

मामांनी टेबलाखालचा केराचा डबा पुढे ओढला.

तज्ज्ञ ठरल्या दिवशी आले. "ठसा सुरेख आहे," एक जण म्हणाले, "पण हा चालत होता, ते कशावरून?"

"मी पाहिलं होतं."

"आम्हाला दाखवता येईल?"

"नाही."

"हे घासलंय कोणी?"

कोपऱ्यातून मामा काही बोलणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "जबाबदारी माझी होती." मंडळी एकमेकांकडे पाहून हसली. तो चालत होता हे मला ठाऊक आहे, अगदी पोटातून ठाऊक आहे. पण माझ्या सांगण्याला विचारतो कोण!

आता मी वरच्या दालनात काचेआड असतो. लोक म्हणतात, किती स्वच्छ, किती छान! मला ते कौतुक बोचतं. मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू नीटनेटकी करायचा उमाळा आला, तर आधी ती ज्याची आहे त्याला विचारा. तो घरी नसेल तर येईपर्यंत हात आवरा. तुम्हाला जो मळ वाटतो, त्यात कोणाचं अख्खं चालणं असू शकतं.

काचेखालची पाटी बाईंनीच लिहिली. खोटं लिहिणं त्यांना जमत नाही. 'या जीवाच्या हालचालीचा पुरावा उपलब्ध नाही.' ती ठोकायला मामा आले. त्यांनी ती वाचली, बाहीने पुसली आणि पुन्हा वाचली. मग भाचीकडे न बघता म्हणाले, "सरळ लागलीय का गं?"

"हो मामा," बाई म्हणाल्या, "सरळ आहे."