रडूउशीची रिकामी बाजू

मी रडूउशी बोलतेय. नावाला हसू नका. ते मुलांनी ठेवलंय, आणि मुलांनी ठेवलेलं नाव काही केल्या सुटत नाही. बालवाडीच्या सामानाच्या वहीत माझी नोंद ‘बैठक, लांब, एक’ अशी आहे, पण त्या नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही.

माझा जन्म बालवाडीच्या मागच्या खोलीत झाला. उतरवलेल्या पडद्याचं निळं कापड, दोन जुन्या गाद्यांमधला कापूस आणि मदतनीस मावशींचा हात, एवढीच माझी कुळकथा. शिवता शिवता मावशी कुरकुरल्या, “एका पोराला एवढी लांबलचक उशी कशाला हवी?”

“एकाला नाही, दोघांना,” ताई म्हणाल्या. “एक रडणारं आणि एक शेजारी बसणारं.”

ताई म्हणजे इथल्या शिक्षिका. त्यांचा नियम साधा होता. ज्याला रडू येईल त्यानं खिडकीखाली माझ्यावर येऊन बसायचं. “रडू नको”, “शहाणा ना तू” असलं काही कुणी बोलायचं नाही. माझी अर्धी बाजू रिकामी ठेवायची. वाटलं तर दुसऱ्या मुलानं तिथं बसावं, पण तोंडातून अक्षर काढायचं नाही. रडणं ओसरलं की ताई जवळ येऊन विचारायच्या, “राग आला होता, भीती वाटली होती, की कुणाची आठवण आली?” तीन-चार वर्षांची पोरं, पण विचारलं की बरोबर सांगायची.

काय काय पाहिलंय मी! चावणारा आणि ज्याला चावलं तो, दोघंही माझ्यावर बसून भोकाड पसरायचे, आणि थोड्या वेळानं दोघं मिळून माझी शिवण उसवायच्या कामाला लागायचे. मावशी पुन्हा टाके घालायच्या. माझे दिवस बरे चालले होते.

मग पालकांची बैठक झाली. एक वडील तावातावानं म्हणाले, “आमचा घरी रडायला लागला की आधी विचारतो, माझी उशी कुठंय? तुम्ही पोरांना रडायला शिकवता की काय?” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. ताई कानकोंड्या झाल्या. आठवडाभरात माझी कपाटावर उचलबांगडी झाली आणि भिंतीवर एक तक्ता लागला. प्रत्येक मुलाच्या नावापुढं तीस चौकोन. जो दिवसभर रडणार नाही, त्याच्या चौकोनात सोनेरी चांदणी. ताईंसारख्या बाईनं ही चूक करावी, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच सुमाराला गोटी आली. गोल चेहऱ्याची, घट्ट ओठांची चार वर्षांची मुलगी. वडील कामावर, त्यामुळे सोडायला-न्यायला आत्या. प्रवेशाच्या अर्जात आत्यानं लिहिलं होतं, ‘आई बाहेरगावी’.

गोटी रडायचीच नाही. दारात बोट चेमटलं, नखाखाली काळंनिळं झालं, तरी हिचा हूं नाही की चूं नाही. “बघा, गोटी किती शहाणी,” ताई म्हणायच्या आणि सगळी मुलं टाळ्या वाजवायची. खरं सांगते, मलाही वाटलं होतं, हिला माझी गरज नाही. मग दुपारी मुलं निजली की मी वरून पाहायला लागले. गोटी जागी असायची. फ्रॉकची बाही तोंडात कोंबून छताकडं बघत पडलेली असायची. ओली बाही वाळेपर्यंत ती उठायची नाही. मला सगळं दिसत होतं आणि मला हाक मारता येत नव्हती. उशीचा जन्म असा असतो.

तिसाव्या चांदणीच्या दुसऱ्या दिवशी ती नवा फ्रॉक घालून आली. बूट काढले नाहीत. दप्तर पाठीला तसंच ठेवून उंबऱ्यात जाऊन बसली.

“अगं, सुटायला वेळ आहे अजून,” ताई म्हणाल्या.

“आई येणार आहे. माझ्या चांदण्या भरल्या ना.”

ताईंचा चेहरा उतरला. गोटी उंबऱ्यातून हलली नाही, डबासुद्धा तिथंच बसून खाल्ला. आत्या न्यायला आली, तेव्हा ताईंनी तिला कपाटाजवळ बाजूला घेतलं. माझ्या अगदी खाली.

“वहिनी दोन महिन्यांपूर्वी वारली हो,” आत्या पुटपुटली. “ही सारखी विचारायची, आई कधी येणार. आम्हीच सगळे रडत होतो. तोंडाला आलं ते मी बोलून गेले, की तू रडली नाहीस तर येईल.”

“आणि मी तिला त्याच्या चांदण्या देत बसले,” ताई म्हणाल्या. त्यांनी स्टुलावर चढून मला खाली काढलं, धूळ झटकली आणि खिडकीखाली ठेवलं. “आजच सांगा तिला. मी आहे इथं.”

गोटी माझ्या एका बाजूला बसली, आत्या दुसऱ्या बाजूला.

“गोटी, आई वारली. तिचं दुखणं फार मोठं होतं, तिचं शरीर बंद पडलं. आता ती कधीच येणार नाही. मी तुला खोटं सांगितलं होतं.”

गोटी उठली. तक्त्याजवळ जाऊन नखानं एकेक चांदणी खरवडायला लागली. मूठभर चांदण्या आणून ताईंच्या हातात ठेवल्या. “ह्या परत घ्या. आता?”

“तरी नाही येणार गं,” ताई म्हणाल्या.

तिनं ताईंच्या हातातली एक चांदणी उलटी करून पाहिली. मग अगदी हळू विचारलं, “म्हणजे मी रडले असते तरी चाललं असतं?”

“हो, बाळा. चाललं असतं.”

तेव्हा ती रडली. माझ्यावर पालथी पडून रडली, दोन महिन्यांचं सगळं. शेजारी आत्याही रडत होती. ताई जमिनीवर बसल्या होत्या, नियमाप्रमाणं गप्प. माझा कापूस आतपर्यंत भिजला आणि मी काहीच करू शकले नाही, फक्त तिच्या अंगाखाली राहिले. तक्ता त्याच संध्याकाळी उतरला.

याला फार वर्षं झाली. ताई निवृत्त झाल्या, मावशी थकल्या. माझा निळा रंग विटलाय, कापसाच्या गाठी झाल्यात. नव्या रंगीत चटया आल्या आहेत आणि उद्या मोडक्या सामानाबरोबर मलाही टाकणार आहेत. टाका बापडे. पण माझी ती रिकामी बाजू तेवढी टाकू नका. कुणी लहानगं रडत असेल तर चटईवर, पायरीवर, कुठंही त्याच्या शेजारी बसा आणि गप्प राहा. रडायचं थांबल्याबद्दल बक्षीस मात्र देऊ नका. गोटीला तशी तीस मिळाली होती.