उस्तादांच्या हाताचा गुण

अख्ख्या धक्क्यावर दोरीच्या एका हिसक्यात होडीची मोटार सुरू करणारा माणूस एकच होता आणि त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांच्या धाकट्या मुलीला मात्र तीच मोटार रडवायची. तीच होडी, तीच मोटार, पेट्रोलसुद्धा त्याच पंपावरचं. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून उस्तादांनी होडी धाकटीच्या हवाली केली, चारचौघांत तिची पाठ थोपटली, "आता हीच उस्ताद," असंही म्हणाले. आणि थोड्याच दिवसांत मोटारीचं नाटक सुरू झालं.

रोज सकाळी तोच तमाशा. धाकटी नळीवरचा रबरी फुगा दाबून पेट्रोल चढवायची, चोक ओढायची, पाय रोवून दोरी खेचायची. मोटार खोकायची आणि गप्प. पुन्हा दोरी, पुन्हा खोकला. दंडाचे नुसते हाल. शेजारच्या होडीतला बुटक्या तर जणू सकाळपासून याचीच वाट बघत बसलेला असायचा. "अगं, लाडानं बोल तिच्याशी! अशी अंगावर ओरडलीस तर कोण सुरू होईल?" त्याला चार शब्द सुनवायलासुद्धा धाकटीकडे दम उरायचा नाही. शेवटी नाइलाजानं ती वर बघायची आणि हाक मारायची, "आप्पा!"

आप्पा पायऱ्यांवर चहा घेत बसलेले असायचे. सावकाश पेला खाली ठेवायचे, सावकाश उठायचे. "सरक बघू." डावा हात मोटारीवर असा ठेवायचे, की जणू हट्टी पोराला थोपटताहेत. उजव्या हातानं एक दोरी. भर्रर्र! धक्क्यावरचे लोक माना डोलवायचे. "हाताला गुण आहे हो उस्तादांच्या!" पण परत पायऱ्या चढताना त्यांचे गुडघे अजिबात कुरकुरायचे नाहीत, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. धाकटीच्याही नाही. तिला उलट अभिमान वाटायचा. असा बाप कुणाला मिळतो?

आता यात हसण्यासारखं असलं, तरी तिच्यासाठी ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पैलतीरावरच्या वस्तीत दवाखान्याची नर्सबाई रोज जायची, औषधांची पेटी घेऊन. तिला न्यायचं-आणायचं बारमाही काम धाकटीला मिळणार होतं, म्हणून तर तिनं डबे भरायच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडली होती. पण काम आधी करून दाखवायचं होतं. तिकडे लोक सुईसाठी रांग लावून बसायचे आणि इकडे ही दोरी ओढत बसायची. दवाखान्याचा कारकून एकदा वैतागून म्हणालाच, "हे बघा बाई, उद्या-परवात हे सुधारा. पुन्हा उशीर झाला तर काम बुटक्याला. आणि रोज वडिलांना हाक मारावी लागत असेल, तर होडी नक्की कोण चालवतंय?"

ते शब्द तिला झोंबले. घरी येऊन तिनं ते जसेच्या तसे सांगितले. आप्पा म्हणाले, "बोलू दे त्याला. मी आहे ना!"

मी आहे ना. एवढ्या तीन शब्दांवर ती निवांत झोपली.

पण हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली ती नव्हती. टाकी रिकामी करून तिनं नवं पेट्रोल भरलं. नळी बदलली. कार्बोरेटर उघडून धुतला, फुंकून फुंकून गाल दुखेपर्यंत साफ केला. प्लग ओला निघायचा, म्हणून प्लग नवा घातला. तोही ओला. म्हणजे पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये. मग दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आडवे झाल्यावर तिनं आईला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोलावलं. रोज फेऱ्या संपल्या की मोटार होडीवरून काढून तिथंच स्टँडवर लावून ठेवायचे.

"मी काय करू त्यातलं? मला चूल कळते," आई म्हणाली.

"नुसती दोरी ओढ. हळूहळू, पण ओढत राहा."

आईनं पदर खोचला आणि ओढू लागली. धाकटीनं प्लग बाहेर काढून लोखंडाला टेकवून धरला. ठिणगी पडली. मग नाही. मग दोनदा पडली, मग नाही. आई धापा टाकत म्हणाली, "झालं का? का माझाच जीव जायची वाट बघतेस?"

"थांब, थांब! येते आणि जाते. म्हणजे मध्ये कुणीतरी तोडतंय."

तोडणारी जागा एकच. मोटार बंद करायचं लाल बटण. त्या बटणाखाली लाल प्लास्टिकची चिमटीएवढी क्लिप अडकवतात आणि तिची दोरी होडीवाल्याच्या मनगटाला असते. माणूस पाण्यात पडला की क्लिप निसटते, बटण खाली बसतं आणि मोटार बंद पडते. धाकटीनं क्लिप बोटानं जरा तिरकी फिरवली. ती घट्ट बसली, बटण पूर्ण वर उचललं गेलं. "आता ओढ." ठिणगी, ठिणगी, ठिणगी. एकही चुकली नाही. क्लिप झिजलेली होती, बस्स! एवढ्याशा प्लास्टिकनं नाकी नऊ आणले होते. धाकटीनं आईला तिथल्या तिथं मिठी मारली, ग्रीसच्या हातांसकट. आईनं शिव्या घातल्या.

लगेच बाजारात जाऊन तिनं नवी क्लिप आणली, बसवली, पाण्याच्या पिंपात मोटार सोडून बघितली. पहिल्या दोरीत सुरू. रात्री जेवताना तिनं आप्पांना सगळं सांगितलं, हातवारे करकरून. आप्पांचा घास हातातच राहिला.

"क्लिप होय," ते म्हणाले. मग घास परत ताटात ठेवत, "अरे वा. हुशार आहेस."

तिला वाटलं, बापाला आनंदानं बोलवत नाहीये.

सकाळी कारकून घड्याळाकडे बघत स्वतः धक्क्यावर उभा. नर्सबाई पेटी घेऊन होडीत बसलेली. बुटक्या आपल्या होडीत तयारीत. धाकटीनं ऐटीत दोरी ओढली. मोटार खोकली आणि गप्प.

पुन्हा ओढली. गप्प.

"काय गं, आज पण रुसली का?" बुटक्या ओरडला.

तिनं खाली वाकून क्लिप काढली. कालची, करकरीत नवी. आतली कड कानशीनं घासलेली होती. ओरखडे ताजे, त्यांत लाल भुगासुद्धा अडकलेला. मोटार रात्रभर शेडमध्ये होती आणि शेडला कुलूप होतं, किल्ली घरातच. आईला कानस कुठं असते तेही ठाऊक नव्हतं. राहिलं कोण? धाकटीच्या पायाखालची जमीनच सरकली. डावा हात मोटारीवर ठेवून थोपटणं, तो हाताचा गुण, ती सावकाश चाल, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून एका दमात गेलं. क्लिप तिरकी फिरवायला तेवढाच वेळ लागतो.

तिनं वर बघितलं. आप्पा पायऱ्यांवर होते. पेला कधीच खाली ठेवला होता. अर्धवट उठलेसुद्धा होते.

"अगं, हाक मार की!" ते म्हणाले. "उशीर होतोय, साहेब खोळंबलेत."

कुणी परक्यानं पाठीत सुरा खुपसला असता, तर तिनं त्याला धक्क्यावर लोळवलं असतं. पण हा तिला खांद्यावर बसवून नदी दाखवणारा माणूस होता आणि त्यानं केसानं तिचा गळा कापला होता. रोज, चहा पिता पिता. कारकुनाचे शब्द तिनं घरी येऊन सांगितले, तरी कापतच राहिला होता. तिचं काम गेलं असतं. त्यालाही ते माहीत होतं.

तिनं हाक मारली नाही. क्लिप परत बसवली, डावा हात मोटारीवर ठेवला, अगदी तसाच, अंगठ्यानं क्लिप तिरकी केली आणि दोरी ओढली. भर्रर्र! नर्सबाईनं टाळ्या पिटल्या. कारकुनानं घड्याळ खिशात टाकलं आणि म्हणाला, "जमलं की! मग काम तुमचंच, बाई."

"शेवटी मुलगी कुणाची!" बुटक्या म्हणाला.

"मीच शिकवलं तिला," आप्पा लोकांना म्हणाले आणि पायऱ्या उतरून होडीचा दोर सोडायला आले. मोटारीच्या आवाजात दोघांचं बोलणं वर ऐकू जात नव्हतं. धाकटीनं मनगटावरची क्लिपची दोरी त्यांच्यापुढे धरली.

"ही कालच आणली होती, आप्पा."

आप्पांनी नदीकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे. "तुझं एका दोरीत व्हायला लागलं," ते म्हणाले, "की मला इथं कोण विचारणार होतं? सकाळी उठून मी जायचं कुठं?"

"माझं काम जात होतं."

"जाऊ दिलं नसतं मी. मी होतो ना!"

त्या तीन शब्दांनी तिचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. "आप्पा, मोटार धडधाकट असती ना, तरी मी रोज हाक मारली असती. उगाचच. तुम्ही यावं, सरक म्हणावं, होडीत बसावं म्हणून. मला काय, तुमच्याशिवाय करमतं होय?"

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. लहान पोराला माफी मिळावी तसा. "मग मार की! उद्यापासून मार. मी येईन."

"नाही आप्पा," धाकटी म्हणाली. "आता हाक मारायची म्हटलं की आधी मनात येणार, यांनी आज काय मोडून ठेवलंय?"

तिनं त्यांच्या हातातून दोर काढून घेतला, गुंडाळून होडीत ठेवला आणि होडी वळवली. नर्सबाईनं विचारलं, वडीलही येताहेत का आज? धाकटी म्हणाली, "नाही." आणि वेग वाढवला.