बाई असंच करतात

तिसरीच्या बाईंना शिकवायला लागून अठरा वर्षं झाली होती. गोरी काय नि काळी काय, आपल्याला सगळी पोरं सारखीच, असं त्या छातीठोकपणे सांगत. वर्गातली काळी मुलं पुलापलीकडून येत. त्यांच्या पणजोबांना कधीकाळी बोटीतून मजुरीला आणलेलं. गावाच्या लेखी ती अजून 'बाहेरचीच' होती. पण रंगावरून बाई कुणाला कधी चकार शब्दानंही बोलल्या नव्हत्या.

एका दुपारी मधल्या सुट्टीत त्या वर्गामागच्या खोलीत नकाशे गुंडाळत होत्या. वर्गात पोरं 'शाळा शाळा' खेळत होती. बाई झाली होती भिंगरी. पुलापलीकडची ही पोर तासाला मिटल्या तोंडानं बसे, पण खेळात नावाप्रमाणे गरगर फिरे.

"सांग गं, सात आठे?" तिनं एका गोऱ्या मुलीला विचारलं. मुलगी अडखळली. "असू दे, नीट विचार कर. येईल तुला."

हुबेहूब आपलाच सूर! बाईंना हसू फुटलं.

मग भिंगरी आपल्या मावसभावाकडे वळली. "तू सांग रे. राहू दे, बस खाली."

"अगं, मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"मग काय झालं? बाई असंच करतात."

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खेळ पुढे चालू राहिला. पोरांचं काय मनावर घ्यायचं, अशी बाईंनी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण सकाळचाच तास आठवला. भिंगरीचा हाच मावसभाव उभा राहिला होता आणि त्यांनी त्याला श्वास घेण्याइतकीही उसंत न देता पुढच्याला विचारलं होतं. त्यांनी कधीच न शिकवलेला धडा पोरांनी तोंडपाठ केला होता.

त्या बाहेर आल्या. भिंगरीनं खडू पाठीमागे लपवला. "चुकले बाई. पुन्हा नाही नक्कल करणार."

"नक्कल बरोबर होती गं." बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "चूक माझी होती. मला कळलंच नव्हतं."

भिंगरीनं लपवलेला खडू पुढे केला. "मला वाटलं, तुम्हाला माहितीये."

दुसऱ्या दिवशी तासाला बाईंनी भिंगरीच्या मावसभावालाच विचारलं, "चंद्र लहान-मोठा का दिसतो रे?"

तो उभा राहिला. दहा हात वर झाले. "हात खाली. पाळी त्याची आहे," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. ते थांबणं त्यांना चांगलंच जड गेलं.

"ढग खातात त्याला."

वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. "नीट विचार कर. येईल तुला."

हे आपल्यालाच म्हटलं का, म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "उजेड एकाच बाजूला पडतो?"

"शाबास!"

सवय काही एका दिवसात सुटली नाही. पुढेही बाईंची जीभ घाई करी. पण आता भिंगरी बाकावरून खणखणीत आवाजात सांगे, "बाई, तो अजून बोलतोय!"

आणि बाई थांबत.