खालच्या पट्टीवरचं कुंकू

पुंजाराम टीव्हीवाल्यांच्या घरी गाडीसाठी बांधलेल्या शेडमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. गाडी बिचारी बारा महिने गंगापूर रोडच्या एका गल्लीत, कबुतरं बसतात त्या झाडाखाली. आणि शेडमध्ये सावलीत, ऐटीत, सव्वीस जुने टीव्ही. "लोक टीव्ही बघतात, आमच्याकडे टीव्ही माणसांना बघतात," असं वत्सलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या आणि त्याच दमात त्याच्यासाठी चहा टाकायच्या. नवऱ्याच्या वेडाला नावं ठेवायचा हक्क आपला, दुसऱ्या कुणाचा नाही, असा त्यांचा हिशेब होता.

एके काळी अर्ध्या नाशिकच्या टीव्हीची नाडी पुंजारामांच्या हातात होती. संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी कुणाचा टीव्ही बंद पडला, की त्या घरातला माणूस धापा टाकत त्यांच्या दुकानात हजर. पुढे भिंतीला टांगायचे टीव्ही आले. ते बिघडले की दुरुस्त करत नाहीत, आतला बोर्ड काढून दुसरा घालतात. त्याला काय अक्कल लागते? पुंजाराम वैतागले, दुकान बंद केलं, आणि भंगारवाल्यांकडून जुने टीव्ही उचलून आणून जिवंत करायला लागले. त्यांचा एकच हट्ट. टीव्ही असा झाला पाहिजे, की आत्ताच दुकानातून खोक्यात घालून आणलाय असं वाटावं. डाग, चरे, मळ, काही म्हणजे काही शिल्लक राहता कामा नये.

गेल्या मार्गशीर्षात मखमलाबादच्या मळ्यातून संतोष नावाचा पस्तिशीचा फुलशेतकरी टेम्पोत घालून एक टीव्ही घेऊन आला. लाकडी पेटी, पुढे दोन्ही बाजूंना सरकणारं शटर, उजवीकडे चॅनेलचं जाडजूड बटण.

"आईचा हाय, काका. नवं घर बांधलंय, हॉलमधी ठेवायचाय. पार नवा करून टाका."

पुंजारामांनी शटर सरकवलं. ते खडखडत अर्ध्यावर अडकलं, आणि त्या खडखडाटानंच ते चाळीस वर्षं मागे गेले. काय ते रविवार! देवादिकांची मालिका लागायची तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओटीवर चपलांचा ढीग. बायका डोक्यावरून न्हाऊन यायच्या, मालिका सुरू व्हायच्या आधी टीव्हीला हळदकुंकू वाहायच्या. मळेकऱ्यांच्या घरी तर टीव्हीला झेंडूचा हारही पडायचा. मग हाराचा दोरा चॅनेलच्या बटणात गुंतायचा, आणि दुपारी पुंजारामांना बोलावणं यायचं. बटणांच्या फटीतून त्यांनी किती हळद उकरून काढली असेल, देव जाणे. तेव्हा ते चिडायचे, बायकांना बोलायचे. आता मात्र त्या पेटीतून हळदीचा वास आला आणि त्यांना भरून आलं.

तीन आठवडे ते त्या टीव्हीत बुडालेले होते. आत कुंभारमाशीची मातीची घरं, पालीची अंडी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. पिक्चर ट्यूब मात्र शाबूत निघाली. सुकलेले कंडेन्सर बदलले, तुटलेले सांधे जोडले, आणि एका सकाळी पडद्यावर आधी उजेडाची रेघ आली, मग काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या आल्या. हल्ली अँटेनावर काही येत नाही, मुंग्याच येतात. पण त्या बघूनही पुंजारामांनी टाळी वाजवली आणि वत्सलाबाईंना स्वयंपाकघरातून ओढून आणलं. "मुंग्या दाखवायला बोलावलंत?" म्हणून त्या परत गेल्या.

मग पॉलिश. पेटीच्या वरच्या कडेवर कुंकवाची पुटं चढलेली होती, एकावर एक, कितीतरी बायकांच्या बोटांची. आणि खालच्या पट्टीवर, बटणांच्याही खाली, एकच वेगळं बोट. बारकं. पुंजारामांनी दिवा जवळ ओढून ते निरखून पाहिलं. कुणातरी पोराचा उद्योग दिसतोय, असं म्हणून स्वतःशीच हसले. मग स्पिरिटचा बोळा फिरवला, पॉलिशपेपर मारला, आणि लाखेचे तीन हात दिले. पेटी अशी झळकायला लागली, की वाकलं तर तिच्यात तोंड दिसावं.

पॉलिश झाल्यावर चौथ्या दिवशी संतोषचा फोन आला.

"काका, एक सांगायचं राह्यलंच. आई म्हनली, वरचं काय बी करा, पण खालच्या पट्टीवरचं कुंकू तेवढं राहू द्या."

पुंजारामांची नजर झळकणाऱ्या पट्टीवर गेली. "का रे?"

"ते लल्लीचं हाय. ललिता, माझी मोठी बहीण. पाच वर्सांची व्हती तवा तापानं गेली, मी व्हायच्या आधी. तिचा फोटो नाय ना एकबी. काढू काढू म्हनता राहून गेला. तेवढं एक बोट हाय तिचं. उद्या आईला घेऊनच येतो."

"ये," एवढंच पुंजाराम म्हणाले. खरं न सांगताच त्यांनी फोन ठेवला.

जेवायला बसले, पण भात नुसता चिवडत राहिले. शेवटी वत्सलाबाईंना सगळं सांगितलं. त्या उठल्या, देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आणला आणि ताटाशेजारी ठेवला.

"लावून टाका. त्या माउलीला तरी समाधान."

पुंजाराम शेडमध्ये गेले. करंगळी कुंकवात बुडवून पट्टीवर टेकवली. करंगळीही मोठी निघाली. मागोमाग आलेल्या वत्सलाबाई हळूच म्हणाल्या, "शेजारच्या छोटीला हाक मारू? पाच वर्षांचीच आहे ती."

एक क्षण पुंजाराम 'हो' म्हणणार होते. खोटं कशाला बोला, अर्धा 'हो' तोंडातून निघालाही होता. मग त्यांनी फडकं घेतलं आणि आपल्या करंगळीचं कुंकू पुसून काढलं.

"कंडेन्सर गेला तर दुसरा बसवतो मी. बोट कसं दुसरं बसवू?"

सकाळी दहाला संतोष आईला घेऊन आला. सरुबाई साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, हातात झेंडू आणि शेवंतीची पिशवी. ती पिशवी वत्सलाबाईंच्या हाती देऊन त्या सरळ टीव्हीकडे गेल्या. शटर उघडलं नाही, चालू करा म्हणाल्या नाहीत. वाकल्या आणि खालच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा परत.

"गुळगुळीत लागतंय," त्या म्हणाल्या.

"पुसलं मी, ताई. याच हातांनी पुसलं. मला ठाऊक नव्हतं." पुंजारामांनी हात जोडले. "काय शिक्षा द्यायची ती द्या."

"आई, चूक माझी हाय, मीच सांगायचं..." संतोष पुढे झाला. सरुबाईंनी हातानंच त्याला थांबवलं. वत्सलाबाईंनी स्टूल सरकवलं, त्यावर त्या बसल्या.

"इतकी वर्सं फडकं मारताना तेवढी जागा सोडून मारायची मी," त्या पट्टीकडे बघत म्हणाल्या. "सासू म्हनायची, येडी झाली ही. मागं मोतीबिंदू झाला, दिसंना. ऑपरेशन केलं तरी बारीक काय दिसत नाय. मंग चाचपायची नुसती. खरखरीत लागलं का बरं वाटायचं." मग एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, "भाऊ, पुसायच्या आधी तुम्ही बघितलं का ते?"

"बघितलं. दिवा जवळ घेऊन बघितलं."

"मंग सांगा ना. कसं व्हतं?"

पुंजाराम टीव्हीपुढे खाली बसले. पट्टीला स्पर्श न करता, अंतरावरूनच बोटानं दाखवायला लागले.

"इथे होतं. बटणाच्या अगदी सरळ खाली. गोल नव्हतं, लांबट होतं. पहिल्यांदा नीट उठलं नसावं, म्हणून त्याच्यावरच पुन्हा लावलेलं. एक कडा गडद, एक फिकट. आणि खालच्या बाजूला शेपूट होतं, एवढं. बोट घसरल्यासारखं."

"शेपूट?" सरुबाई पुढे झुकल्या. "खाली?"

"हो. थोडं डावीकडे वळलेलं."

"टाचा वर करायची ती," सरुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बदलला, कोवळा झाला. "टीव्ही उंच कपाटावर व्हता ना! तिचा हात तेवढाच पोचायचा. सासू म्हनली, उचलून घेते. तर नाय! 'मी माझी लावते,' म्हनली. अन् तोल गेला. बाई बाई, हे मी इसरलेच व्हते. इसरले व्हते बघा मी."

पुंजारामांना वाटलं, आता गप्प बसावं. पण अर्धंच सांगणं त्यांना बरं वाटेना.

"ताई, आणखी एक आहे. ते बघून मला हसू आलं होतं. म्हटलं, कुणातरी पोराचा उद्योग. हसलो, आणि मग पुसलं."

संतोषनं मान खाली घातली. सरुबाई पुंजारामांकडे बघत राहिल्या.

"हसलात?"

"हो."

"आमी बी हसलो व्हतो तवा. सगळी ओटी हसली व्हती." त्यांनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि स्टूल ओढून टीव्हीच्या आणखी जवळ घेतलं. "पुन्यांदा सांगा, भाऊ. पहिल्यापासून."

पुंजारामांनी पुन्हा बोट वर केलं. "इथे होतं," ते म्हणाले. "बटणाच्या अगदी सरळ खाली."