थांबून राहणारा राक्षस

पोंभुर्ण्याच्या बाजारात कुंताचं मासोळीचं दुकान म्हणजे दोन टोपल्या, एक तराजू आणि मासोळी कापायची पावशी. आज एका टोपलीला टेकून मोबाइलही उभा होता, आणि त्यात लोखंडी कवचाचा एक राक्षस. खेळातला हा शेवटचा. मोबाइल लेकीचा, डिंपलचा. आणि डिंपल दुपारच्या एसटीने चंद्रपूरला नर्सिंग शिकायला निघणार होती. तिच्यासोबत मोबाइल जाणार, मोबाइलसोबत राक्षस. सारा उन्हाळा मायलेकींनी मिळून चार वीर वाढवले, गावंच्या गावं सोडवली. हा एवढा उरला असता, तर कुंताच्या जिवाला चुटपुट लागून राहिली असती.

भांडण होतं ते लढायचं कसं यावर. खेळात दोन तऱ्हा निवडता यायच्या. एकीत सगळं एकदमच चालतं. तुम्ही विचार करेपर्यंत राक्षस टोला हाणून मोकळा. दुसरीत आळीपाळी. तुमचा डाव होईस्तोवर तो हातोडा खांद्यावर घेऊन उभाच. डिंपलला पहिली आवडे, कुंताला दुसरी.

"माय, तुही लढाई म्हणजे पंगत झाली," डिंपल म्हणाली. "आधी तुमी घ्या, मंग आमी घेतो."

"अन तुही म्हणजे कढईत झिंगे उडून राह्यले. कोण कोणाले मारते, दिसते का काई? सकाळपासून मरूनच राह्यली तू."

"मजा तर येते ना."

"येत असन. आता माह्या पद्धतीनं होऊ दे."

डिंपलने तोंड वाकडं करत तऱ्हा बदलली. कुंताने पदराला हात पुसून एक डाव टाकला, तोच भैयाजी शिंपी पिशवी घेऊन आले.

"बाई, मरळ आहे का?"

"आहे ना, भाऊ."

कुंता पावशीवर बसली. खवले निघाले, तुकडे झाले, राक्षस उभाच. भैयाजींच्या मागे आणखी गिऱ्हाइकं.

"अवं माय, तो थांबते, पण एसटी थांबत नाई," डिंपल म्हणाली. "सरक. मासोळी मी कापते, तू राक्षस काप."

पोरीचे हात भलते चपळ. गिऱ्हाइकाने बोट दाखवलं, की मासोळी पावशीवर. इकडे कुंता निवांत बघत बसली. हातोडा उगारण्याआधी राक्षसाच्या छातीवरचं कवच उघडतं, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिने चार वीरांतल्या वैदूकडून सगळ्यांच्या जखमा बांधून घेतल्या, बाकी तिघांचे वार राखून ठेवले आणि कवच उघडताच एकामागून एक सोडले. राक्षस गुडघ्यावर आला, मग आडवाच झाला.

"पडला," कुंता म्हणाली.

डिंपल हातात अर्धी रोहू घेऊनच वाकली. "कवच उघडते? मंग मले काऊन नाई दिसलं?"

"तू पाहू देशील तवा दिसन ना."

"बरं. आता एकदा माह्यावाली खेळून पाह्य."

डिंपलने तोच राक्षस पुन्हा उभा केला आणि कुंता खेळली. कुठं दाबायचं ते शोधेपर्यंत चारही वीर मातीत लोळले.

"मेली का वं मी?"

"केव्हाची."

पिशवी घेऊन तिथेच बघत थांबलेले भैयाजी पोट धरून हसायला लागले. कुंतालाही हसू आवरेना. तिने छातीवर हात ठेवला.

"हे काई आपलं काम नाई," ती म्हणाली. "पण धडधड चांगली होते वं. लाव बरं अजून एकदा."